शेवटचे तीन ठोके

हॉलिवूड, ३ मार्च १९५१

ती. पपांस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी गोड बंद केलं तरी खिशात पेपरमिंट असणारच, मला ठाऊक आहे!

पपा, माझ्या हातून पाप घडलंय. आमच्या विनोदी सिनेमात लाँड्रीतलं एक गाणं आहे. त्याच्या नाचाचा शेवट काही केल्या जमेना. नृत्यदिग्दर्शक लोव्हेलसाहेब भडकले, मागच्या रांगेतल्या आम्हा सहाजणींना घरी पाठवायला निघाले. घाबरून मी तुमची जिन्याच्या पायऱ्यांवर बुटांचे ठोके वाजवत नाचायची चाल करून दाखवली. त्यांनी विचारलं, कुणाची? मी म्हटलं, माझी. जीभ कशी झडली नाही माझी!

आता मी त्यांची मदतनीस झालेय. तुम्हा जुन्या नाचवाल्यांचा नियम मला पाठ आहे, दुसऱ्याची चाल हुबेहूब उचलायची नाही. म्हणून शेवटचे तीन ठोके गाळले. परवा चित्रीकरण झालं. मन खातंय. शिव्या द्या, पण उत्तर द्या.

तुमची,
नेल

स्क्रँटन, ११ मार्च १९५१

चि. नेल हिस,
अ. उ. आ.

पेपरमिंट संपलेत. आगाऊपणा पुरे.

चाळीस वर्षं गावोगाव नाचलो, पण ती चाल कुणाला दिली नाही. तुझी आई चिडवायची, चाल आहे की खजिना! एकट्या तुला शिकवली. मागितली असतीस तर नाही म्हटलं असतं का गं? दोन दिवस जेवण गेलं नाही. आत्याला सांगितलं, पोट बिघडलंय.

पण खरं सांगू? त्या ‘माझी’पेक्षा गाळलेले ठोके जास्त लागले. माझा पाय कापल्यापासून ती चाल जगात एकाच ठिकाणी पुरी होती, तुझ्या पायांत. चोरायचीच होती तर पुरी चोरायची. आता सिनेमात ती कायमची लंगडी राहणार, माझ्यासारखी.

जेवत जा.

तुझा,
पपा

हॉलिवूड, २ एप्रिल १९५१

ती. पपांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपड्यांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

सिनेमात बुटांचा आवाज मागाहून भरतात. नायिकेच्या जागी पाय वाजवायला मीच होते. नाच संपताना पडद्यावर नुसता तिचा हसरा चेहरा आहे, पाय दिसतच नाहीत. तिथे मी तुमचे तिन्ही ठोके वाजवले.

लोव्हेलसाहेबांनी विचारलं, हे कुठून आणलंस? या वेळी खरं सांगितलं, माझे वडील अँबरोज क्विग्ली यांची चाल आहे, मी खोटं बोलले होते. ते म्हणाले, सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्या छापून झाल्या, आता बदलणार नाहीत, आणि तू उद्यापासून येऊ नकोस. ठोके मात्र त्यांनी राहू दिले.

पाटीवर त्या चालीसाठी नाव माझंच आहे, पपा. सिनेमा लागेल तेव्हा तुमच्या शेजारी बसून मला ते वाचायचंय, तीच माझी शिक्षा. शुक्रवारच्या गाडीने निघतेय. दार उघडाल ना?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुमचीच,
नेल