गच्चीवरचे लाल धागे

१२ जाने., सोम.
गच्चीवरचं काचेचं नरसाळं धुऊन, आठवड्याचं सॅम्पल लॅबला नेलं. हवेतून खाली पडणारं प्लॅस्टिक मोजणं हा माझा उद्योग. आई नागपूरहून फोनवर म्हणते, ‘‘धूळ मोजायला एवढी शिकलीस?’’
मायक्रोस्कोपखाली पुन्हा लाल पॉलिएस्टरचे धागे. माझे नाहीत. गच्चीवर मी सुतीच घालते, थंडीतसुद्धा.

१४ जाने., बुध.
चोर सापडला. घरमालकीण अक्का नरसाळ्याच्या शेजारीच लाल साडी वाळत घालत होत्या. तीन पिढ्या इथंच जे. पी. नगरात, मराठीत निम्मं कानडी. माझ्यासाठी वाटीत एळ्ळू-बेल्ल आणलेलं, आपल्या तिळगुळासारखंच.
‘‘अक्का, कपडे खाली वाळत घालाल का? माझं काम बिघडतंय.’’
‘‘माझ्या साडीनं? सरी, सरी, घालते खाली.’’ वाटी कठड्यावर ठेवून गेल्या. नेमकं संक्रांतीलाच मला हे सुचायचं होतं.

१९ जाने., सोम.
गच्ची रिकामी. अक्का वर आल्या की ‘‘स्वल्प बस गं’’ म्हणून अर्धा तास डोकं खायच्या. तेव्हा वैताग यायचा. शनि-रवि कुणाशी एक शब्द बोलले नाही. फार एकटं वाटतंय.

२७ जाने., मंगळ.
काल सुट्टी, म्हणून आज सॅम्पलचा फिल्टर पाहिला. अख्खा आठवडा साडीविना, तरी लाल धागे तेवढेच. दोनदा मोजले. साऱ्या शहराच्या दोऱ्यांवरून उडून येत असणार. लॅबचे सर खूश, ‘‘म्हणजे आधीची सॅम्पल्सही वाया नाहीत.’’ मला आनंद व्हायला हवा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी.

२८ जाने., बुध.
सकाळी खाली गेले. ‘‘अक्का, माझं चुकलं. धागे तुमच्या साडीचे नव्हते. या ना वर.’’
त्या गॅलरीत साडी झटकत होत्या. ‘‘इथंच बरं आहे गं. गुडघे दुखतात, तीन जिने होत नाहीत.’’ कॉफी दिली. थंडीचं बोललो, गवारीचं बोललो.
वर येऊन तशीच बसले. लॅबला उशीर झाला. त्यांच्या गॅलरीत दिवसभर ऊन असतं, कपडे तिथं कधीही वाळले असते. आणि गुडघे गेल्या वर्षीही दुखत होते, तरी रोज वर यायच्या.
उद्या परत जाईन. काय बोलायचं ते जिन्यात ठरवीन.