बिलाखाली मी लावलेला कर

४ फेब्रु.
सुभाषला टायफॉईड. लेक अंथरुणात, म्हणून भांड्यांच्या दुकानात आजपासून मी. जुने कागद चाळले तर काय, कर तो स्वतःच्या खिशातून भरतो! गिऱ्हाइकाच्या बिलात कर लावतच नाय. शेजारचा अन्वरभाई मिक्सर-पंखे विकतो, तो वेगळा लावतो. विचारलं. "अम्मा, टॅक्स तो गिराईक देता. दुकानवाला कायकू देना?" खरंच की. आमचं पोरगं भोळसट, बापावर गेलंय.

५ फेब्रु.
बिलात खाली कर लिहायला लागले. अन्वरभाईचाच आकडा उचलला. एक बाई कुरकुरली, आजी तुम्हीपण? म्हणलं, सरकारला जाऊन विचार.

९ फेब्रु.
बिडकीनचे मास्तर परवा लेकीच्या आंदणाची भांडी घेऊन गेले होते. आज बिल गल्ल्यावर आपटलं. "वरची ओळ वाचा." वर सगळं इंग्रजी, आमची मराठीच चौथीपर्यंत. त्यांनीच वाचलं. हा दुकानदार ठोक कराच्या योजनेत आहे, गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही. आन खाली माझ्या अक्षरात कर!
पैसे परत देते म्हणलं. "उशीर झाला आजी. कालच तक्रार दिली." पाणी दिलं, पिलं नाय.

१० फेब्रु.
सुभाषला सांगितलं. उतरलेला ताप परत चढला. "आई, आपला धंदा लहान म्हणून ही सवलत. थोडाच कर, पण आपल्या पदरचा. गिऱ्हाइकाला मागायचाच नसतो!"
आधी सांगायला तोंडात काय गुळणी धरली होती? जिभेवर आलं होतं. त्याचं तोंड बघून गिळलं.

१२ फेब्रु.
आमचे कराचे वकील घरी आले. घेतलेला कर सरकारात भरा, वर दंड. सवलतही जाईल कदाचित. म्हणजे पुरा कर, भांडी महाग, गिऱ्हाईक मोठ्या दुकानात. सुभाष भिंतीकडं तोंड करून पडला.

१९ फेब्रु.
नोटीस आली. २६ ला सुभाष आन मी, दोघांनी कर कचेरीत हजर व्हायचं. सून रेखानं दोनदा वाचून दाखवली. जेवण कुणालाच गेलं नाय.

२४ फेब्रु.
सुभाषनं उत्तर लिहून ठेवलंय. रेखा वाचता वाचता थांबली. पुढं वाच म्हणलं. "माझी आई निरक्षर आहे. शेजारच्या दुकानदारानं तिला फसवून स्वतःच्या हातानं ही बिलं लिहिली."
"अक्षर माझं हाय रे."
"तू फक्त अंगठा लाव. अडाणी बाईला कोण काय करतंय?"
"आन अन्वरभाईला?"
"त्याचं तो बघंल. मला दुकान वाचवायचंय, आई."
अडाणी म्हण, चालंल. आयुष्यभर लोक म्हणत आलेत. पण त्या माणसानं विचारलेलं सांगितलं, येवढंच. वकिलाला म्हणलं, खरं लिहिलं तर? म्हणे, भरवसा देता येत नाय, साहेब कसा निघतो त्यावर.
रेखानं कागद घडी करून ठेवला. तिचंपण घर याच दुकानावर.

२५ फेब्रु.
उद्या अकराला जायचं. कागद तसाच, अंगठ्याविना. सुभाषनं शाईचा पॅड उशाशी आणून ठेवलाय.
सकाळी अन्वरभाई यखनीचा, मटणाच्या पातळ सुपाचा, डबा घेऊन आला. "सुभाष कमजोर हो गया अम्मा, गरम गरम पिलाओ." उद्या सोबत येऊ का, म्हणून विचारत होता. मी डबा घेऊन आत गेले.
सुभाषनं वाटीभर पिली. मग आणखी मागितली.