जाहिरातीआधीचं घर

चिरंजीव ढब्बूस (पंचेचाळिशीचा झालास तरी मी हेच लिहिणार) थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत, फक्त मंगळवारपासून माझी छाती धडधडतेय. तुझी पाठ कशी आहे? भावजयीला झोप लागते का? तीन आठवडे फोन उचलत नाहीस म्हणून पेन धरलं. अक्षराला हसू नकोस. शाळा झाली चौथीपर्यंत, तीही तुला कडेवर घेऊन.

तर ऐक. आमचा घरमालक महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा म्हणतोय. आता ह्यांचा कुलपांचा धंदा तुला ठाऊक आहे. कर्ज थकलं की बँक घर ताब्यात घेते, आणि कुलूप फोडायला ह्यांनाच बोलावते. म्हणजे कुठलं घर विकायला निघणार ते पेपरात जाहिरात यायच्या आधी ह्यांना कळतं. बारा वर्षं ह्या माणसाने घरात सांगितलं नाही! (म्हणे, तू विचारलं नाहीस.) मी थेट बँकेच्या साहेबाला गाठलं. म्हटलं, जाहिरातीचा खर्च वाचवा, घर मला द्या. तो म्हणाला, मावशी, किंमत लिहून रीतसर अर्ज करा, पण आधी घर बघा तरी.

मंगळवारी दुपारी गेलो. तिसरा मजला. ह्यांनी दाराला ड्रिल लावलं आणि मला ते माझ्याच दाढेत लावल्यासारखं झालं. पडद्यांची मापं घ्यायला टेप घेऊन मी आत शिरले. दोरीवर ओला टॉवेल. ओट्यावर दुधाचं पातेलं, हात लावला तर कोमट. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. साहेब आपला यादी करतोय, पंखे दोन, ट्यूबलाइट तीन. म्हटलं, साहेब, इथे कोणीतरी आहे हो. "कोणी नाही मावशी, नोटीस लावून दोन महिने झाले." तेवढ्यात कपाट शिंकलं.

दार ओढलं तर आत एक गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर उशी. मी किंचाळले, ते किंचाळले, साहेबाचं पेन पडलं, आणि हे (आमचा वाघ!) ड्रिलसकट जिन्यात. साहेबाने विचारलं, "तुम्ही इथे काय करताय?" ते म्हणाले, "मी घरी नाहीये." मग त्यांना माझ्या हातातली टेप दिसली. "तुम्ही घेताय का?" मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही. "मग न्हाणीघराचं दार जरा वर उचलून लावत जा. अडतं." एवढंच बोलले. माझ्याच्याने ती टेप गुंडाळवेना.

जिन्यात मी साहेबाला सांगून टाकलं, हे घर मला नको. तो म्हणाला, घाबरू नका मावशी, दुसरं आहे. पुढच्या गुरुवारी ताबा घ्यायचाय, जाहिरात अजून नाही, पुढे अंगणसुद्धा आहे. पत्त्याचा कागद दिला.

बाकी ठीक. भावजयीला विचारलं म्हणून सांग.

तुझी आक्का

ता. क. तो पत्ता मी अक्षर अक्षर जुळवून तीनदा वाचला. तुझाच आहे रे मेल्या.

आणखी एक. मी अर्ज भरलाय. साहेब हो म्हणतो की नाही, देव जाणे. म्हणाला तर मागच्या दोन खोल्या आमच्या, बाकीचं तुमचं. भाडं घेणार नाही, टोमणे मारीन. तू नाही म्हणू नकोस, बस्स.

शेवटचं. गुरुवारी दहाला ड्रिल घेऊन तुझे भावोजीच येतील. कपाटात बसू नकोस. लपाछपीत तू कायम शिंकूनच सापडायचास. दार मी वाजवीन. ह्यांनी ड्रिल लावायच्या आत आतून उघड.