सीटखालची खूण

प्रिय फिलू,

कागदाच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटलाय, त्याचे मार्क कापू नकोस. साबणाने तीनदा हात धुतले, पण ग्रीस नखांत बसलंय ते बसलंय. आज चर्चमधून रविवारची मिसा आटोपून आलो आणि वर्षभर टाळलेलं काम केलं. सायकलची सीट बाहेर काढली, तिचा पाइप साफ केला, ग्रीस लावलं. त्यात जे सापडलं ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहायला बसलो.

आपली लेडीज सायकल! आणीबाणीच्या साली घेतली. घरात एकच येणार होती, आणि साडी नेसून मधल्या दांडीवरून टांग टाकणं तुला जमणारं नव्हतं. सातिवलीच्या कारखान्यात ती घेऊन गेलो त्या दिवसापासून मी ‘फिटरबाई’ झालो. घरी येऊन तुझ्यावर चिडायचो आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. एकदा तरी माझी बाजू घ्यायचीस ना!

तू सकाळच्या शाळेला, मी दुपारच्या पाळीला. तू एवढीशी, मी ताडमाड. आपल्या लग्नात फोटोवाल्याने तुला पाटावर उभं केलं होतं, आठवतं? म्हणून तू कायदा केलास: जो उतरेल त्याने दुसऱ्याची सीट करून ठेवायची. तू दुपारी आलीस की माझ्यासाठी वर करायची, मी पाळीवरून आलो की तुझ्यासाठी खाली.

मी किती वेळा केली गं? दमून यायचो, सायकल भिंतीला टेकवायचो आणि विसरायचो. सकाळी पाना घेऊन तूच खटपट करायचीस, तीही माझी झोप मोडू नये म्हणून सायकल अंगणात नेऊन. तू मात्र एकदाही विसरली नाहीस.

उलट मीच तुला बोललो. पहिल्याच आठवड्यात सीट दोन बोटं खाली राहिली होती. “गुडघे हनुवटीला लागतात माझे! शाळेच्या बाईला एवढं माप कळत नाय?” शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडलो. त्यानंतर सीट कधीच चुकली नाही. मला वाटायचं, काय हिचा अंदाज! खरं सांगू, माझ्या ओरडण्याचाच गुण आला असंही वाटायचं.

आणि ग्रीस? घरात फिटर मी, ग्रीस लावायचीस तू. शनिवारी शाळेतून आलीस की सीट उपसून काढायची, पाइप चिंधीने पुसायचा, नवीन ग्रीसचा हात फिरवायचा. मी ओट्यावर बसून थट्टा करायचो, की एवढी सेवा नवऱ्याची केली असतीस तर! “नवरा गंजत नाय,” तू म्हणायचीस, “पाइप गंजतो.”

तुझं चुकलं, फिलू. नवराही गंजतो.

त्या शेवटच्या दिवशी तू शाळेतून आलीस तेव्हा अंगात ताप होता. डोळे लाल झालेले. पिशवी ठेवलीस, पाना घेतलास, माझी सीट वर केलीस आणि मग जाऊन पडलीस. आणि मी? घड्याळ बघितलं आणि निघालो. त्याच सीटवर बसून. आठ दिवसांनी हॉस्पिटलमधून तुला आणली ती शवपेटीतूनच.

तेव्हापासून सीटला पाना लावू दिला नाही कुणाला. तुझ्या हाताने केलेलं ते शेवटचं काम होतं. ग्रीस लावायचं तर पाइप काढावा लागणार, आणि काढला की तुझं माप गेलं. पावसाळा गेला, पाइप गंजून घट्ट बसला. मला बरंच वाटलं.

पण आपली रिटा आता तुझ्याच शाळेच्या बालवाडीत शिकवायला लागलीय. अगदी तुझ्या उंचीची झालीय. रोज पाऊण तास चालत जाते. सायकल मागितली की मी म्हणायचो, सीट अडकलीय, खाली होत नाही. काल तिच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “पप्पा, सायकल मम्मीची पन होती. सीट अडकलीय की तुमीच अडकवलीय?”

तुझाच आवाज!

कालच सांध्यात रॉकेल सोडून ठेवलं. आज नट ढिला केला, सीट दोन्ही हातांनी धरली आणि डावी-उजवी पिळली. आधी हलेचना. मग कर्रकन वाजलं आणि सुटली. पाइपवर गंज आणि तुझं वाळलेलं ग्रीस. पॉलिश पेपरने घासायला लागलो, आणि मधोमध एक आडवी रेघ दिसली. कानशीने केलेली, सरळ, तू पट्टीने फळ्यावर मारायचीस तशी. पाइप परत सायकलच्या नळीत घातला, रेघ नळीच्या काठाला लावली, वर बसून बघितलं. माझं माप! अगदी बरोबर.

म्हणजे अंदाज नव्हताच तो. मी ओरडलो, आणि तू गुपचूप माझीच कानस घेऊन माझ्यासाठी खूण केलीस. दहा वर्षं रोज त्या रेघेवर सीट आणलीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस! अंगणात बसून रडलो गं. तुझ्या मापाची रेघ शोधली. नव्हती. स्वतःसाठी केलीच नाहीस.

मग रिटाला सीटवर बसवलं, पाय टेकतात ते बघितलं आणि तुझी रेघ मी केली. जरा वाकडी आलीय. ग्रीस लावलं, वरचं पुसून काढलं. तिला तुझा कायदा सांगितला, रेघांचं काही सांगितलं नाही. ती सायकलने बाजारात जाऊन आली आणि आल्या आल्या पाना घेऊन माझी सीट वर करून ठेवली.

आता तुझ्याकडे सिमेट्रीत, कबरीवर ठेवायला फुलं घेऊन निघतोय. दर शनिवारी ग्रीस लावीन. रोज पाळीवरून आल्यावर, कितीही दमलो तरी, तुझ्या रेघेवर सीट आणून ठेवीन. आणि आणखी एक वचन देतो, ते आत्तापासूनच पाळतो. रिटाने केलेली सीट मघाशी बघून आलो. माझी रेघ दिसत नाही, दोन बोटं आत आहे.

गुडघे हनुवटीला लागले तरी तसाच येतो. तिला काही बोलणार नाही.

तुझाच,
पास्कू