राधाच्या पिशवीतली चटणी

मंगळवार, सांजचे सात

व्हय, माझ्याच राधाला धरलंय! परदेशात मोर्चाचं शूटिंग करताना, सगळ्या सिनेमावाल्यांसंगं. आक्का शेजारीण रोज तेच इचारती. आज म्हणाली, "आमच्या लेकी इचलकरंजीच्या फुडं गेल्या न्हाईत, तुझी पार परदेशच्या कोठडीत!" म्हणलं, "सरकारी पावणी हाय ती. तुझ्या लेकीला कोण फुकट जेवाय घालतंय?"

दुपारी राधाला पाच मिनटं फोन दिलता. वकील भेटलाय, शुक्रवारी सोडत्यात म्हणं. सोडतील की. कॅमेऱ्याच्या पिशवीत मी तिला न सांगता कांदा-लसूण चटणीचा पुडा कोंबलता. पोलिसांना वाटलं बाँबची पावडर. तपासली, मग एकानं बोट बुडवून चाटली. "आई, त्यो अजून पाणी पितोय," म्हणाली आन हसली. कोठडीतनं हसली! म्हंजे मारलं-बिरलं न्हाय. चटणी आणखी वाईच तिखट पायजे हुती.

आक्काला एक सांगितलं न्हाय. जायच्या आदल्या दिवशी राधा म्हणालती, "आई, मला भ्या वाटतंय, मी न्हाई जात." मीच तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवून धाडलं.