सुधारित अलंकार

१ जानेवारी २०१८
संकल्प: यंदा बारावीची इंग्रजी काढायचीच. बायको योगिताही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसतेय, तिला नर्सिंगला जायचंय. तिला मीच शिकवणार. मी इंग्रजीला चौथ्यांदा बसतोय, म्हणजे अनुभव दांडगा.

४ जानेवारी
कॉलेजचे भोये सर कासा नाक्यावरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात फिगर्स ऑफ स्पीचच्या नोट्स ठेवून गेले. पोरांनी इथूनच कॉपी न्यायची. बारा अलंकार, व्याख्या हातभर लांब. रोज एक केला तर बारा दिवसांत विषय खलास.

११ जानेवारी
अजून पहिलाच चालू. पण पक्का झाला. सिमिलीच्या वाक्यात 'लाइक' असतं. लाइक म्हणजे आवडणे. कवीला काहीतरी आवडलं की सिमिली. योगिता म्हणाली, सरांनी तुलना लिहिलंय. मी म्हटलं, आवडल्याशिवाय कोण तुलना करतं? तिनं वही मिटली. पटलं असावं.

१९ जानेवारी
झपाटा लागलाय. हायपरबोल: हायपर होऊन बोलणे. आयरनी: लोखंडासारखं कठोर बोलणे. पर्सोनिफिकेशन: कवितेत पर्सन येणे. शब्द फोडला की अर्थ बाहेर पडतो. हे सरांना कसं सुचलं नाही, कुणास ठाऊक.

२४ जानेवारी
सगळं स्वतः टाइप केलं. एका पानात बसलं. आता पोरांना सरांच्या नोट्सऐवजी हेच देतोय. उधव्याहून जीपने येणारी जानी, वर्गातली हुशार मुलगी, म्हणाली, दादा, हे लगेच पाठ होतं. योगिताने मात्र सरांची मूळ पानं मागून घेतली. म्हटलं घे. हट्टी माणसाला शिकवता येत नाही.

२१ फेब्रुवारी, दुपारी
पेपर झाला. रस्ता सापासारखा पडलाय, अशी ओळ होती. 'लाइक' लगेच ओळखलं. पण कवीला रस्ता आवडतो की साप, ते ठरेना. पुढच्या बाकावर जानी होती. मान जरा लांब केली. तिनं लिहिलं होतं, कवीला साप आवडतो. जीव भांड्यात पडला. दोघांचं जुळलं म्हणजे बरोबरच.

३० मे
निकाल. योगिता पास, इंग्रजीत ५८. मला २६. तपासणारा जुन्या वळणाचा असणार. री-चेकिंगला टाकतो.

२ जून
जानी आली. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत ३३. दोन मार्कांनी गेली. जुलैच्या फेरपरीक्षेत नाही निघाली तर कंपनीत कामाला लागायचं, असं घरी ठरलंय म्हणे. माझं पान काउंटरवर ठेवून तिनं विचारलं, दादा, हे सरांनी दिलेलं ना? 'हो' ओठावर आलं होतं. मागे योगिता उभी होती. ती म्हणाली, सरांचं नाही, यांचं आहे. जानीने पान पुन्हा एकदा वाचलं. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

५ जून, सकाळी
री-चेकिंगचं राहू दिलं. योगिता आजपासून दुकानातच जानीला शिकवतेय. मला म्हणाली, बसायचं तर बसा, मधे बोलू नका. सरांच्या मूळ पानांच्या दोन कॉप्या काढल्या. एक शब्द बदलला नाही. एक जानीला दिली. दुसरी घेऊन बाकाच्या टोकाला बसलो.