पट्टी बांधलेला सुशी मास्टर

२ जून, सोमवार
आजपासून मी सुशी शेफ. एकोणीस उन्हाळे ह्याच हॉटेलच्या टेरेसवर समुद्राकडे पाठ करून मासे भाजले, आता बस. मालक कुनेवसाहेबांनी सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं, नवा काउंटर बोगोमिलचा. वर्ना शहरात दोन दिवसांचा कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट काउंटरमागे टांगलं. तिरकं दिसतं, पण मुळात भिंतच तिरकी आहे.
संकल्प: कमी बोलायचं. घाई करायची नाही. रकिया प्यायची ती फक्त रविवारी.

३ जून
ग्रिलवर माझ्या जागी आलेला स्टामेन बाटली घेऊन अभिनंदनाला आला. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. तिसरा संकल्प पुढच्या आठवड्यापासून.

५ जून
पहिला भात. किंचित मऊ. चमच्याने खाता येईल इतपत. स्टामेन म्हणाला, "बोगो, दूध-साखर घाल, वर दालचिनी भुरभुर, गोड म्हणून लाव." मी लक्ष दिलं नाही.
दुपारी तीन वाजता तसंच लावलं. संपलं. म्हणजे भात उत्तमच होता.

९ जून
मदतीला मिंकामावशी दिली आहे. भांडी घासते. आधी मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होती, तो बंद पडला. डब्यात मासे भरणं वेगळं आणि ही कला वेगळी, हे तिला शांतपणे समजावलं. म्हणाली, "बरं, बाळा."
मी बावन्न वर्षांचा आहे.

१४ जून, शनिवार
मोठी बातमी. ऑगस्टअखेर जर्मन टूर कंपनीची तपासणीवाली बाई येणार. तिला पसंत पडलं तर हॉटेल हिवाळ्यातही चालू राहील, आणि सुशी काउंटरला बारमाही नोकरी.
घरी गेल्या गेल्या इस्क्राला सांगितलं. बायको पंधरा वर्षं दर ऑक्टोबरला बोलोन्याला जाते, एका म्हातारीची सेवा करायला. एप्रिलमध्ये परत येते, तोवर माझा सीझन सुरू. म्हटलं, यंदा इटलीला आत्ताच कळवून टाक की येत नाही. ती वांगी भाजत होती. मागे न वळता म्हणाली, "आधी तुझं होऊ दे."
स्वभावच सावध आहे तिचा.

२६ जून
नवी सुरी आली. लांब, पातळ, देखणी. पहिल्याच काकडीबरोबर डाव्या हाताचा अंगठा. तीन टाके. दोष सुरीचा आहे, गरजेपेक्षा जास्त धार लावून पाठवतात.

२७ जून
काउंटर बंद ठेवता येत नाही. मिंकामावशीला पुढे उभं केलं आणि मी स्टुलावर बसून सूचना दिल्या. तिने पहिला रोल वळला, दुसरा वळला, आठव्यापर्यंत सगळे एका मापाचे. मी कोर्सच्या वहीतून वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "बाळा, जरा सरक, उजेड अडतोय." एकाग्रता चांगली आहे. शिकवणारा नीट असला की असं होतं.

८ जुलै
टाके काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हात वापरायला लागा. त्यांना सुशीतलं काय कळतं? पट्टी आणखी एक आठवडा.

१५ जुलै
आणखी एक आठवडा.

१९ जुलै, शनिवार
काउंटरसमोर रांग. लोक व्हिडिओ काढतात. एकाचा पाहिला. मिंकामावशीचे हात मधोमध आहेत, पण उजवीकडे माझी बाही स्पष्ट दिसते.
एका पोलिश बाईंनी विचारलं, "उद्या ती किती वाजता असते?" मी म्हटलं, मी दहापासून असतो. बाई गोंधळल्या. भाषेची अडचण.

२ ऑगस्ट
सकाळी गडबडीत पट्टी उजव्या अंगठ्याला बांधली गेली. कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण स्टामेनला दुसऱ्याच्या हाताकडे बघायची वाईट खोड आहे. सगळ्या किचनसमोर म्हणाला, "अरे, काल डावा होता ना? जखम चालत चालत पलीकडे गेली वाटतं." मी म्हटलं, ताण दुसऱ्या हातावर येतो. भांड्यांच्या पोरी फार हसल्या. मिंकामावशी हसली नाही, तिने फक्त पाण्याचा नळ मोठा केला.

१० ऑगस्ट, रविवार
सुट्टी. घरी सराव. खारं चीज, काकडी आणि आपला साधा भात. रोल कापेपर्यंत ठीक होता. कापल्यावर त्याने अंग सोडलं. इस्क्रा बघत होती. म्हणाली, "बोगो, अंगठा बरा होऊन महिना झाला. तू कशाला घाबरतोस?"
मी म्हटलं, घाबरतो कुठे? आज हवेत दमटपणा आहे. ती समोर बसली आणि आम्ही तो रोल चमच्याने खाल्ला. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला. एकूण प्रयोग यशस्वी.

२६ ऑगस्ट
उद्या बाई येणार. पट्टी काढून टाकली. उद्या मी स्वतः.

२७ ऑगस्ट, बुधवार, दुपारी चार
सकाळी मिंकामावशीला सांगितलं, आज तू मागे भांड्यांकडे. ती एप्रन सारखा करत म्हणाली, "तुझा काउंटर, बाळा."
साडेबाराला तपासणीवाली बाई आली, शेजारी कुनेवसाहेब. मी आठ तुकडे केले. तीन उभे राहिले. बाकीचे आडवे, पण तशीही पद्धत असणारच. बाईंनी एक खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि मान सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवली. म्हणजे पसंत! मीही तशीच मान हलवून मान्यता दिली.
मग मी शीतघरात गेलो, मासे मोजायला. पंचवीसेक मिनिटं लागली. एकूण तेरा होते. बाहेर आलो तर काउंटरवर मिंकामावशी, आणि बाई तिसरी प्लेट खात होत्या. माझ्या तुकड्यांनी भूक चाळवली असणार.

२८ ऑगस्ट
स्टामेन म्हणाला, "बोगो, ती जर्मन आहे. आपल्या देशात आडवी मान म्हणजे हो, त्यांच्याकडे आडवी मान म्हणजे नको." त्याला परदेशाचा काय अनुभव? एकदा ट्रकमधून रुमानियाला जाऊन आलाय.
संध्याकाळी इस्क्राला सहज विचारलं, इटलीत मान कशी हलवतात. ती सूप गरम करायला उठली.

१५ सप्टेंबर, सोमवार
कुनेवसाहेबांनी बोलावलं. हॉटेल हिवाळ्यात चालू राहणार. काउंटर मिंकामावशीकडे. तिने म्हणे एकच अट घातली, भाताला बोगोमिल हवा.
मी विचार करून सांगतो म्हणालो. मागच्या दारी ती सिगारेट ओढत बसली होती. विचारलं, मीच का? सरळ म्हणाली, "भात तुला येत नाही, तो मी शिकवीन. पण एकतीस वर्षं लाइनवर काढल्यावर माणूस कळतो. दुसरा कुणी पट्टी बांधून घरी बसला असता. तू बांधून रोज यायचास."
थोडक्यात, तिला माझ्या मार्गदर्शनाची गरज आहे. तरी दोन दिवस थांबणार. मानाचा प्रश्न आहे.

१६ सप्टेंबर
इस्क्रा सकाळीच हॉटेलवर जाऊन माझा होकार देऊन आली. आल्यावर बोलोन्याला फोन केला. म्हातारी रडली असं म्हणाली. मग स्वतःही रडली.

१ ऑक्टोबर, बुधवार
कराराचा कागद मिळाला. घरी आलो. इस्क्रा ह्या तारखेला घरात असायची मला सवय नाही, दारातच थबकलो. तिने विचारलं, "पद काय लिहिलंय?" मी म्हटलं, भात विभागाचा प्रमुख. तिने हात पुसून कागद घेतला आणि मोठ्याने वाचला: स्वयंपाकघर मदतनीस.
मग तिने त्याची नीट घडी घातली, आमच्या लग्नाच्या दाखल्याच्या डब्यात ठेवला आणि ताटं मांडायला लागली. हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.